स्वस्तातल्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा नेम: आधी तपासा, मग सुधारा

घरात दहा-बारा हजारांची स्प्रिंगवाली एअर रायफल येते, पहिले काही दिवस पत्र्याचे डबे पाडण्यात मजेत जातात, आणि मग एक दिवस कोणीतरी कागद लावून बघतं तर छर्रे वाट्टेल तिकडे जाऊ राह्यले. आपल्याकडे लगेच निकाल लागतो, "नळीच वाकडी आहे भो". नळी कधीकधी वाकडी असतेही, पण फार क्वचित. बहुतेक वेळा स्क्रू ढिले असतात, नाहीतर त्या नळीला ते छर्रे मानवत नाहीत, नाहीतर आपण बंदूक दरवेळी वेगळी धरतो. गंमत अशी की या तिन्ही गोष्टींना जवळजवळ शून्य खर्च आहे, पण लोक आधी स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण, घेतात, मग जास्त ताकदीची स्प्रिंग, मग दुसरी बंदूक. म्हणून या लेखात आधी तपासणी आहे आणि दुरुस्ती नंतर, आणि नियम एकच, एका वेळेला एकच गोष्ट बदलायची. छर्रे पण बदलले, स्कोप पण काढला आणि स्क्रू पण आवळले, आणि ग्रुप, म्हणजे कागदावर छर्रे किती जवळजवळ पडतात ते, सुधारला, तर कशाने सुधारला हे बापजन्मात कळणार नाही.

हे सगळं ४.५ मिमीच्या, नळी मोडून छर्रा भरायच्या बंदुकीबद्दल आहे, दुकानात जिला पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणतात ती. गॅस पिस्टनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या गॅसवर चालणारी, असेल तरी नव्वद टक्के हेच लागू. हवेच्या टाकीची पीसीपी मात्र वेगळा प्राणी आहे, तिचं इथे काही नाही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंत बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत मझल एनर्जी (नळीतून बाहेर पडतानाची छर्ऱ्याची ताकद) असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. बिल सांभाळून ठेवा. आणि पाखरं, मोर, ससे यांच्यावर नेम धरायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि "छर्ऱ्याचीच तर होती साहेब" हे कारण तिथे चालत नाही. कागदावर मारा. नेम सुधारायचा तर तसंही कागदाशिवाय पर्याय नाही, डबा पडला की पडला, तो चार सेंटिमीटर डावीकडे लागला का उजवीकडे हे डबा सांगत नाही.

जागा आणि छर्रा अडवायची सोय

१० मीटर मोकळी जागा पुरते. शेतातलं पत्र्याचं शेड, रिकामं खळं, धाब्याच्या जुन्या घराची लांब ओसरी, काहीही चालेल, फक्त मागे भिंत किंवा मातीचा बांध पाहिजे. टेपने मोजा, पावलं टाकून नको, कारण पुढे सगळी तुलना या अंतरावर उभी राहणार आहे. एक गोष्ट आपल्या जळगाव भागासाठी मुद्दाम सांगतो, केळीच्या बागेकडे तोंड करून बंदूक चालवू नका. पानं छर्रा अडवत नाहीत, आणि आत कोणी पील (केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब) कापत असेल, ड्रीपची नळी बघत असेल, तो माणूस तुम्हाला दिसत नाही. कपाशी कमरेच्या वर गेली की तेच, वाकून वेचणारी बाई दहा फुटांवरून दिसत नाही. हा छर्रा दोन-तीनशे मीटर आरामात जातो.

अडवायला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या, आडवा झोपवा, पुढची बाजू कापून टाका, कडा आत वळवा नाहीतर हात कापेल, आणि आत जुने कपडे, गोधडीचे तुकडे दाबून दाबून ठासून भरा. त्याच्या मागे काळ्या मातीचं भरलेलं पोतं. माती चाळून घ्या, आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि खड्यावर आपटलेला छर्रा सरळ तोंडावर परत येऊ शकतो. दगड, विटांची उघडी भिंत, कडक बाभळीचं लाकूड, यांच्यावर कधी मारायचं नाही. गॉगल लावा, साधा वेल्डिंगच्या दुकानातला पारदर्शक चालतो. छर्रे शिश्याचे असतात, म्हणून मारता मारता भेळ, शेंगदाणे, तंबाखू काही नको, झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि डब्यात साठलेलं शिसं शेतात ओतू नका, लहान पोरांच्या हाती तर अजिबात नको.

वेळ सकाळची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा नऊनंतर उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवा अशी थरथरते की स्कोपमधून टार्गेट पोहताना दिसतं, आणि दहाला गरम वारा सुटला की २५ मीटरची टेस्ट विसराच. थंडीत उलटं, पहाटे आतलं ग्रीस घट्ट असतं, पहिले आठ-दहा छर्रे कुठेही गेले तरी मोजू नका. बंदूक उन्हात टेकवून चहाला जाऊ नका, एका बाजूने तापलेली बंदूक आणि तापलेला स्कोप नेम सरकवतो.

स्प्रिंगची बंदूक एवढी नखरेल का

हे समजलं की पुढचं अर्धं आपोआप समजतं. चाप ओढला की छर्रा लगेच निघत नाही. आधी दाबलेली स्प्रिंग सुटते, ती जड पिस्टन पुढे ढकलते, पिस्टन समोरची हवा दाबतो, आणि पिस्टन जवळजवळ शेवटाला पोचला की मग कुठे छर्रा हलतो. पिस्टन पुढे जातो तेव्हा बंदूक मागे येते, पिस्टन हवेच्या गादीवर आपटला की बंदूक पुढे झेप घेते. मागे आणि पुढे, दोन धक्के, आणि यातला बराचसा कारभार छर्रा अजून नळीत असतानाच होतो. म्हणजे छर्रा बाहेर पडतो तेव्हा नळीचं तोंड नेमकं कुठे असेल हे तुम्ही बंदूक कशी धरली यावर ठरतं. तुम्ही आवळून धरलीत तर धक्का एका तऱ्हेने खांद्याला आणि हाताला जाणार, ढिली धरलीत तर दुसऱ्या तऱ्हेने. दरवेळी सारखं झालं तर छर्रे एका जागी, नाहीतर विखरून. दीड-दोन लाखांच्या मॅच रायफलमध्ये हा प्रकार जवळजवळ नसतोच, म्हणून २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेंनी ब्राँझ घेतल्यावर ज्यांनी ज्यांनी उत्साहाने साधी स्प्रिंगची घेतली त्यांना टीव्हीवर दिसलेली घट्ट पोझिशन इथे का चालत नाही हा प्रश्न पडला असेल, तर उत्तर हे. शिवाय त्यांचा इव्हेंट ५० मीटरचा, काडतुसाच्या रायफलचा, तिचा आपल्या बंदुकीशी संबंध नाही.

बंदूक नवी असेल तर पहिले दोन-तीनशे छर्रे नेमाचा विचारच करू नका. आत कंपनीचं जादा तेल-ग्रीस असतं, ते दाबलेल्या गरम हवेत पेटतं, धूर येतो, जळका वास येतो, कधी ठो असा मोठा आवाज येतो, आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा. ते जळून जाऊ द्या. आणि यात भर म्हणून हवेच्या भोकात थ्री-इन-वन किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका, ते परत पेटतं आणि सील खातं. छर्रा न भरता चाप ओढायचा नाही, कारण समोर छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धातूवर आपटतो. नळी उघडी असताना चुकून चाप ओढला तर नळी जोरात मिटते आणि खरोखर वाकते, वाकड्या नळ्यांची खरी गोष्ट बहुतेक हीच असते. भरताना एका हाताने नळी पकडूनच ठेवा, बोटं वाचतील.

पहिलं काम: स्क्रू

दोन धक्क्यांमुळे या बंदुकीचे स्क्रू सारखे ढिले होतात. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एक-एक, आणि ट्रिगर गार्डमध्ये एक किंवा दोन, एवढेच मुख्य. बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर किंवा एलन की घ्या, खाचा खाल्लेला स्क्रू पुढे डोकेदुखी. एक-एक स्क्रू काढा, आटे थिनरने किंवा स्पिरिटने पुसून कोरडे करा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) एक थेंब लावा, हाताने नीट आवळा. लाल लावू नका, ते सहजासहजी परत निघत नाही. लाकडी दस्ता असेल तर जीव खाऊन आवळलं की लाकूड दबतं आणि परत ढिलं होतं, डोक्याखाली वायसर आहे का बघा. स्कोप असेल तर त्याच्या माउंटचे, म्हणजे त्याला बंदुकीवर धरणाऱ्या पकडीचे, स्क्रूही याच फेरीत.

एवढं करून दहा छर्रे मारून बघा. कित्येकांचं काम इथेच होतं आणि पुढचं वाचायची गरज राहत नाही.

दुसरं: हवा गळते का

भाच्याची बंदूक होती, चोपड्याहून घेऊन आला, म्हणे "मामा, हिचा दम गेला, स्प्रिंग बदलावी लागंल." म्हटलं आधी टिश्यू आण. चहाच्या टपरीवर मिळतो तो पातळ पेपर नॅपकिन, त्याची एक पट्टी फाडली, नळी जिथे मोडते त्या सांध्यावर वरून नुसती पांघरली, छर्रा भरून डब्यात मारला. पट्टी उडून सरळ त्याच्या कपाळाला चिकटली. परत एकदा खालच्या बाजूने धरून बघितलं, तिथे मात्र हलली नाही, म्हणजे गळती वरच्या कडेला. नळी उघडून बघितलं तर सांध्यातली रबराची सील एका बाजूने चेपून चकचकीत झालेली. साधी ओ-रिंगच ती. जुनी सुईने उचकून काढली, मोटार पंप दुरुस्तीवाल्याकडून त्याच जाडीची आणली, बसवली, ती खाचेच्या वर नखाएवढी उठून दिसली पाहिजे, खाली बसली तर तिच्याखाली पातळ कागदाची किंवा प्लॅस्टिकची कडी द्यायची. परत टिश्यू ठेवला, हलला नाही. स्प्रिंगला हात लावायची वेळच आली नाही.

त्याच वेळी सांध्याचा घट्टपणा बघून घ्या. बंदूक कॉक केल्यावर, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबून अडकवल्यावर, नळी अर्ध्यात सोडा, ती जिथे सोडली तिथे थांबली पाहिजे, आपल्या वजनाने धपकन खाली पडली तर मुख्य बोल्ट थोडा आवळायचा. मिटल्यावर नळी डावी-उजवी हलवून बघा, टक टक वाजायला नको. ही तपासणी करताना बंदूक कॉक झालेली असते हे विसरू नका, बोट चापापासून लांब, आणि शेवटी छर्रा भरून डब्यातच मोकळी करा.

ग्रुप कसा मारायचा आणि मोजायचा

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती आपण आपलीच करतो. तीन छर्रे मारले, एकाला एक चिकटले, फोटो काढला, स्टेटसला टाकला. तीन छर्ऱ्यांनी काही सिद्ध होत नाही. सरळ गणित आहे, तीच बंदूक, तोच माणूस, तेच छर्रे, तरी दहा छर्ऱ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा मोठाच येतो, कारण छर्रे जास्त मारले की लांबचा एखादा पडायची शक्यता वाढते. मग कोणी तीनने मोजतो, कोणी पाचने, आणि दोघं कट्ट्यावर भांडतात. तुम्ही दहाच मारा, दरवेळी दहाच, आणि एका जोडणीचे निदान दोन कागद. दोघांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर त्याला फरक म्हणू नका.

टेस्ट चालू असताना साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवायची नाही. छर्रे काळ्या गोलाच्या बाहेर एका कोपऱ्यात पडत असले तरी पडू द्या, आपण आत्ता ते किती जवळजवळ पडतात ते बघतोय, कुठे पडतात ते शेवटी. मोजायला व्हर्नियर घ्या, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा, म्हणजे मध्य ते मध्य अंतर आलं. एखादा छर्रा सुटताना तुम्हालाच कळलं की हात हलला, तर कागदावर पेनने खूण करा, पण मोजणीतून काढू नका. "तो एक सोडला तर" असं म्हणत गेलं की प्रत्येक बंदूक ऑलिम्पिकची होते.

टार्गेट म्हणून १० मीटर एअर रायफलचं छापील कार्ड उत्तम. त्याचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. आपल्या बंदुकीवर जी माशी, म्हणजे नळीच्या टोकाची पुढची साइट, असते, त्यातही ती चमकणारी हिरवी-लाल फायबरची, ती १० मीटरवर वीसेक मिलिमीटर जागा झाकून टाकते, त्यामुळे गोलाच्या मध्यावर नेम धरण्यात अर्थ नाही. गोल माशीच्या वर टेकलेला दिसेल असं खालच्या कडेला धरा, डोळ्याला ते दरवेळी सारखं करता येतं.

अपेक्षा काय ठेवायची तर उघड्या साइटवर, बसून, हात टेकवून, १० मीटरवर दहा छर्रे २० मिलिमीटरच्या आत आले तर बंदूक ठीक आहे, १२-१५ मध्ये आले तर छानच. २५ मीटरवर ३५-४० मध्ये आले तरी या किमतीत तक्रार नको.

कागद नुसता मोजू नका, वाचा पण. छर्रे उभ्या रांगेत पडत असतील तर बंदूक टेकवायची जागा बदलतेय किंवा सांधा ढिला आहे. आडव्या रांगेत असतील तर चाप बाजूला ओढला जातोय किंवा वारा. दोन वेगळे पुंजके दिसले, प्रत्येक पुंजका आपापल्या परीने घट्ट, तर काहीतरी खटकन दोन जागी बसतंय, स्कोप, माउंट, सांधा किंवा स्क्रू. ग्रुप हळूहळू एका दिशेने चालत गेला तर माउंट सरकतंय. आणि भोकं गोल न येता लांबोडकी आली तर छर्रा डोलत जातोय, तो न मानवणारा तरी आहे किंवा नळीच्या तोंडाशी गडबड आहे.

पकड

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. बंदुकीखाली थेट विटा, लाकूड किंवा टणक पोतं ठेवायचं नाही, स्प्रिंगची बंदूक टणक वस्तूवरून उडी मारते. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, बारीक वाळू भरा, दुसरं टोक बांधा. ज्वारी-तूर भरू नका, उंदीर दोन रात्रीत पिशवी फाडतात. ही पिशवी टेबलावर, तिच्यावर डाव्या हाताची उलटी बाजू, आणि उघड्या तळहातावर बंदूक. बोटं मिटायची नाहीत. तळहातावर झोपलेलं तान्हं मूल धरतो तशी, आधार आहे पण आवळणं नाही. उजव्या हाताने मूठ पण हलकी, अंगठा वरून वेढायच्या ऐवजी बाजूला ठेवला तरी चालतं, खांद्याला नुसती टेकलेली. बंदुकीला दोन्ही धक्के तिच्या मर्जीने घेऊ द्यायचे. इंग्रजी शूटर मंडळी याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, तोफ मागे सरकून परत जागेवर येते तसं.

आता तळहात कुठे ठेवायचा? प्रत्येक बंदुकीची जागा वेगळी. ट्रिगर गार्डच्या अगदी पुढे एक, दस्त्याच्या मध्यावर एक, पुढच्या टोकाला एक, अशा तीन जागी दहा-दहा छर्रे मारा. फरक बघून आश्चर्य वाटेल, एकाच बंदुकीचा ग्रुप नुसत्या हाताच्या जागेने दुप्पट झालेला मी बघितलाय. जी जागा चांगली निघेल तिथे इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळा, बोटाला अंधारातही कळेल. गालाच्या जागेवरही एक छोटा तुकडा चिकटवा.

नेम धरून डोळे मिटा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. माशी बाजूला सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, खुर्ची सरकवा, पिशवी सरकवा, शरीर वळवा. हाताने ओढून आणलेली बंदूक चाप ओढल्याबरोबर आपल्या मूळ जागी पळते. चाप बोटाच्या पेराने सरळ मागे, सावकाश. आणि आवाज झाल्यावर लगेच डोकं उचलून "लागला का" बघायचं नाही, दोन आकडे मोजेपर्यंत तसंच राहायचं. पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं.

चापाच्या आत कानस घालू नका. बाहेरून फिरवायचा स्क्रू असेल तर पाव-पाव आटा फिरवा, आणि नंतर टार्गेटकडे तोंड करून, छर्रा भरून, बंदूक दस्त्यावर हलकी आपटून बघा की ती आपोआप सुटत नाही ना. चाप हलका करण्याच्या नादात आतला खटका घासला की बंदूक धोक्याची होते, अचूक होत नाही.

छर्रे

स्क्रू आणि पकड जागेवर आली की मगच छर्ऱ्यांची टेस्ट, आधी केली तर वाया. एकाच नळीतून एका डब्याचे छर्रे ३० मिमी ग्रुप देतात आणि दुसऱ्याचे १५, आणि कोणते चालतील हे कोणीच आधी सांगू शकत नाही. मित्रांमध्ये वाटून चार-पाच प्रकार जमवा. एक देशी चपटा, एक देशी टोकदार, आणि एक-दोन बाहेरचे, उदाहरणार्थ आरडब्ल्यूएस हॉबी, जो चपट्या तोंडाचा ७ ग्रेनचा म्हणजे ०.४५ ग्रॅमचा हलका, गॅमो मॅच, आणि जेएसबी एक्झॅक्ट ४.५२, जो गोल तोंडाचा ८.४४ ग्रेनचा म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा. टोकदार छर्ऱ्याच्या नादी जास्त लागू नका, टोक अगदी मधोमध यावं लागतं आणि स्वस्त मालात ते येत नाही. बाटलीबंद स्टीलचे गोळे तर रायफलिंगच्या, म्हणजे आत पिळाच्या खाचा असलेल्या, नळीत घालायचेच नाहीत.

छर्रा बदलला की पहिले आठ-दहा नळी बसायला सोडून द्या, मग दहाचा ग्रुप. आणि एका डब्याची सगळी टेस्ट सकाळी ताज्या हाताने आणि दुसऱ्याची थकल्यावर असं नको, आलटून पालटून मारा.

छर्रे कापडावर पसरून बघा, मागचा घागरा चेपलेले बाजूला काढा, डबा एकदा खाली पडला की आतले कित्येक चेपतात. काचेवर लोळवला तर चांगला छर्रा एका वर्तुळात फिरतो, चेपलेला अडखळतो. वजनाने निवडायचं असेल तर जळगावकरांना सोय आहे, सराफाकडचा काटा. पण तो मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा पाहिजे, ०.०१ ग्रॅमचा उपयोग नाही, कारण अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यात तेवढा फरक म्हणजे दोन टक्के, आणि आपल्याला त्याच्या आतलं बघायचंय. खरं सांगायचं तर १० मीटरसाठी हे वजन करणं म्हणजे हौस. भरताना छर्रा अंगठ्याने सरळ दाबून कडेबरोबर बसवा, तिरका बसला तर घागरा कापला जातो.

नळी

नव्या नळीत ग्रीस असतं, जुनीत शिसं. मासे धरायची नायलॉन दोरी दुहेरी करून नळीतून ओवा, टोकाला सुती कापडाचा छोटा तुकडा, मागून पुढे ओढा, कोरडा, स्वच्छ येईपर्यंत. लोखंडी सळई घालू नका. साफ केल्यावर पहिले वीसेक छर्रे इकडेतिकडे जातील, घाबरू नका. नेम नीट असताना उगाच साफ करत बसू नका.

मग नळीचं तोंड. कान साफ करायची कापूस काडी तोंडाच्या आतल्या कडेवर फिरवा, कापूस एका ठिकाणी अडकून धागा ओढला गेला तर तिथे खरखर आहे. छर्ऱ्याचा घागरा बाहेर पडताना सगळीकडून एकदम सुटला पाहिजे, खरखरीच्या बाजूने उशिरा सुटला की मागची हवा त्याला तिरका ढकलते. इलाज सोपा, गोल डोक्याचा पितळी स्क्रू ड्रिल मशीनला लावा, डोक्यावर ट्रॅक्टर गॅरेजवाल्याकडची बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, नळीत आत कापसाचा बोळा खुपसलेला, आणि अगदी हळू स्पीडला मशीन गोल गोल डोलवत थोडा वेळ. पुसून परत काडीने बघा. नीट असलेल्या तोंडाला हे करू नका.

स्कोप

मुद्दाम शेवटी. उघडी साइट नीट ग्रुप देते आणि स्कोपवर ग्रुप फुटतो, असं असेल तर बंदूक निर्दोष आहे, भांडण स्कोपशी आहे. नळी मोडायच्या बंदुकीत माशी आणि मागची साइट बहुतेक दोन्ही नळीवरच असतात, त्यामुळे सांधा जरा इकडेतिकडे बसला तरी त्या नळीबरोबर जातात, स्कोप मात्र मागच्या ट्यूबवर असतो, त्याला ते कळत नाही. म्हणून हा पडताळा कामाचा.

साध्या रायफलचा स्कोप इथे टिकत नाही, तो मागच्या धक्क्यासाठी बनलेला असतो, आपली बंदूक पुढेही झटका देते. एअरगन रेटेड घ्या, आणि पुढची काच फिरवून १० मीटरपर्यंत फोकस येणारा घ्या. बिनफोकसचे स्कोप बहुधा १०० यार्डावर बसवलेले असतात, १० मीटरवर डोकं जरा हललं की आतल्या रेघांचा क्रॉस टार्गेटवरून सरकतो. बंदूक टेकवून न हलवता डोकं वरखाली करून बघा, लगेच दिसेल.

माउंट ११ मिमीच्या खाचेवर बसतं आणि दरवेळी मागे सरकू बघतं, मागच्या बाजूला अडवणारी पिन असलेलं एका तुकड्याचं माउंट बरं. सरकतंय का बघायला माउंटच्या मागे पेन्सिलची रेघ मारा. दुसरी भानगड म्हणजे या बंदुकांची नळी स्कोपच्या रेषेपेक्षा थोडी खाली झुकलेली असते, मग माणूस वरची कळ शेवटपर्यंत फिरवतो, आतली बारीक स्प्रिंग ढिली पडते आणि क्रॉस दरवेळी वेगळ्या जागी बसतो. त्याऐवजी मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली जुन्या एक्स-रे फिल्मची एक-दोन पट्टी ठेवा आणि कळ मधल्या भागात राहू द्या.

जुळवताना गणित एवढंच, पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी हलवते आणि २५ मीटरवर १.८. कागदावर लिहिलेला पाव इंच १०० यार्डाचा असतो, त्यामुळे २ सेंटिमीटर हलवायला १० मीटरवर सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक लागल्या तर स्कोप बिघडलेला नाही. आणि एकेका छर्ऱ्यावर क्लिक फिरवू नका, पाच मारा, त्यांचा मध्य बघा, मग फिरवा.

वेग आणि ताकद

बंदुकीच्या खोक्यावर छापलेला वेग फार हलके छर्रे वापरून काढलेला असतो, त्याच्या मागे जाऊ नका. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा २३० मीटर प्रति सेकंदाने गेला तर साडेचौदा ज्यूल होतात, कागदाला भरपूर झाले. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी १० मीटर अंतरावर छर्रा मिलिमीटरभरच वर-खाली होतो, २५ वर मात्र पाच-सहा मिलिमीटर. म्हणून १० वर ग्रुप चांगला आणि २५ वर उभा लांबला तर मग वेगाकडे बघा, सील, गळती, जळणारं तेल. मोबाईलवर आवाजावरून वेग काढणारी अ‍ॅप आहेत, बंदुकीचा आवाज आणि टार्गेटचा आवाज यातल्या अंतरावरून हिशोब करतात, त्यात तापमान नीट टाका, कारण २० डिग्रीला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ ला ३५८ च्या आसपास.

जास्त ताकदीच्या स्प्रिंगचं भूत डोक्यात असेल तर काढून टाका. स्प्रिंग कडक केली की दोन्ही धक्के वाढतात, पकड आणखी नखरेल होते, स्कोप लवकर मरतो, आणि २० ज्यूलच्या पुढे गेली तर लायसन्सचा प्रश्न. शिवाय स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, दाबणारं साधन नसताना मागची पिन काढली तर ती तोंडावर येते. सील किंवा स्प्रिंग खरंच गेली असेल तर कारागिराकडे द्या.

वही ठेवा, तारीख, तापमान, छर्रा, हाताची जागा, ग्रुप किती मिमी, आणि कागद मागे पिनेने लावून. स्क्रू दर शे-दीडशे छर्ऱ्यांनी बोटाने चाचपून बघा. जूनमध्ये पाऊस लागला की बाहेरून तेलाच्या कपड्याने पुसून ठेवा, फोमच्या बॅगेत कोंबून ठेवू नका, फोम ओल धरतो आणि पोळ्यापर्यंत नळीवर गंज चढतो. कॉक करून कधीच ठेवायची नाही, आणि छर्ऱ्याचा डबा बंदुकीपासून वेगळा, कुलपात.